खिशावरचा डाग

आमच्या सावरटोल्याची मोहाची दारू अशी कडक होती की भट्टीवरून उडत गेलेला कावळा पुढे आठवडाभर शेपटीच्या दिशेने उडायचा. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा. त्या वेळचे कावळे आता उरले नाहीत, त्याला मी काय करू?

कोळशाची खाण चालू होती तोवर माणसं दमायची म्हणून प्यायची. मग देशाचं सगळं काम सूर्याच्या विजेवर चालायला लागलं, कोळसा सगळ्यांना नकोसा झाला, खाण बंद पडली, आणि माणसं दमत नाहीत म्हणून प्यायला लागली. खाणीच्या खड्ड्यात निळंशार पाणी साचलं. बाहेरगावचे लोक त्याचे फोटो काढायला यायचे. आमच्यातला एखादा त्यात तरंगताना सापडला की त्या दिवशी फोटो बंद.

गावाला आरोग्य केंद्र होतं. एक डॉक्टर, एक नर्स आणि एक कुत्रा. तिघांत निदान कुत्र्याचं पक्कं. तो ज्याच्या पायाशी जाऊन बसे, त्याला थेट चंद्रपूरला पाठवायचं असं ठरूनच गेलं होतं. पुढे सरकारच्या लक्षात आलं की तिथे येणाऱ्यांत निम्मे दारूचे आणि उरलेले दारुड्यांच्या घरचे. मग केंद्राला नवी इमारत जोडली. पुढाऱ्यांनी फीत कापायला घेतली, कात्री बोथट निघाली, शेवटी दाताने तोडली. दारावर पाटी लागली, ‘मन आणि व्यसन विभाग’. बोलायला खोल्या, झोपायला खाटा, बायकांसाठी वेगळी बैठक. आणि अगदी आतल्या खोलीत ते यंत्र.

यंत्र म्हणजे एक खुर्ची आणि वर न्हाव्याच्या दुकानात असतो तसला टोप. डॉक्टर फुलझेले म्हणून तरुण माणूस आला होता. त्याने ग्रामसभेत सगळं समजावून सांगितलं.

“लाखेची बांगडी बनवताना पाहिली आहे ना? आठवण तशी असते. आपण काही आठवलं की ती तापते, मऊ होते. मग मेंदू तिला पुन्हा घट्ट करतो, त्यासाठी त्याला ताजी प्रथिनं बनवावी लागतात. आम्ही पेशंटला मुद्दाम दारूचा वास देतो. तलफ जागी झाली, बांगडी मऊ झाली, की नाकात एक फवारा. त्याने प्रथिनं बनणं थोडा वेळ थांबतं. मग या टोपातून आवाजाच्या लहरी सोडायच्या. कानाला ऐकू येत नाहीत, पण मेंदूत खोल, वालाच्या दाण्याएवढ्या जागी त्या एकत्र येतात. आपल्याला एखादी गोष्ट हवीशी वाटते ती त्या जागेमुळे. तिथली तेवढी गाठ सुटते.”

“म्हणजे दारू आठवणारच नाही का जी?” सरपंचबाईंनी विचारलं.

“सगळं आठवेल. चव तेवढी जाईल.”

मी मागून ओरडलो, “डॉक्टरसाहेब, अन् कोणाले बायको नको असंल तर?”

सगळी सभा हसली. डॉक्टर हसला नाही. “म्हणूनच त्या वेळी खोलीत दुसरं काही नको, आबाजी. जे जागं होईल ते वितळेल. दारू कोणती आणि बायको कोणती, हे यंत्राला कळत नाही.”

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पोळ्याला आम्ही दाराशी पळसाच्या डहाळ्या लावतो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या उपटायच्या, घरातल्या आजाऱ्याच्या अंगावरून डोक्यापासून पायापर्यंत उतरवायच्या आणि शिवेबाहेर फेकून यायच्या. पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीला ओरडून सांगायचं, “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! खासी खोकला घेऊन जा गे मारबत!” फेकली की मागे वळून पाहायचं नाही. आणि डहाळी उतरवायची ती कोणी? ज्याचा आजाऱ्यावर सगळ्यात जास्त जीव आहे त्याने. दुसऱ्याच्या हातून पीडा ऐकत नाही.

तर त्या यंत्राला गावाने नाव ठेवलं मारबत. डॉक्टरला मोठं कौतुक वाटलं. कौतुक वाटायला नको होतं.

माझ्या शेजारी हेमराज ढवस राहायचा. खाणीत टिपर, म्हणजे कोळशाचा ट्रक, चालवायचा. खाण बंद झाल्यावर गुत्ता ते घर एवढीच त्याची फेरी राहिली, पण टिपर हातात असल्यासारखाच चालायचा, वळणावर तोंडाने हॉर्न वाजवत. कितीही प्यायला तरी चौकातला एक गरम आलूबोंडा शर्टाच्या खिशात घालून आणायचा. कागद नाही, काही नाही, तसाच खिशात. त्याच्या प्रत्येक शर्टाच्या डाव्या खिशावर तेलाचा गोल डाग.

त्याची बायको प्रतिमा दारातच उभी असे. कमरेवर हात. “काय जी ढवससाहेब, घर सापडलं का?”

“घर नाई सापडलं. तू सापडली.”

“सापडली ना? मंग फेकून द्या आता.” असं म्हणत ती खिशातून चेंदलेला आलूबोंडा काढायची, अर्धा त्याच्या तोंडात कोंबायची, अर्धा स्वतः खायची. आणि दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडावर त्या डागाला शिव्या घालायची. सोडा लावला, राख लावली, डाग काही जाईना.

ऐकायला गोड आहे. पण हेमराजचं पोट मडक्यासारखं फुगलं होतं. डोळे हळदीसारखे. एकदा अंगणात रक्त ओकला, तेव्हा ते धुऊन काढायला मीच पाणी टाकलं. केंद्रात गेला तर कुत्रा उठून त्याच्या पायाशी येऊन बसला.

त्या दिवसापासून प्रतिमा रोज नव्या विभागात जाऊन बसायला लागली. तिथे तेजस्विनी कुळमेथे होती, समुपदेशक. आमच्याच गावची पोर, नागपूरला शिकून आलेली. तेजू तिला बोलतं करायची, हेमराजला गोळ्या द्यायची, त्याला दारू सोडणाऱ्यांच्या मंडळात बसवायची. तो गोड बोलायचा आणि संध्याकाळी गुत्त्यावर हजर. शेवटी यंत्राचं ठरलं. पाळी आली ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी सोबत गेलो होतो, बाकावर बसलो. प्रतिमाच्या पिशवीतून हिरवी पानं डोकावत होती.

“हे काय वं काकू?” तेजूने विचारलं.

“आजच्या दिवशी काढलेली पीडा वापस येत नाई, तेजू. तुले माहीत आहे. तू लहानपणी तापली होती, तवा तुह्या मायनं काय केलं होतं?”

“पळस उतरवला होता,” तेजू म्हणाली. “पण काकू, आत कोणालेच सोडत नाई.”

“मी मागं बसतो ना. बोलणार नाई. मनातल्या मनात म्हणतो.”

तेजू दाराकडे पाहत राहिली. डॉक्टर त्या दिवशी जिल्ह्याला गेला होता. आपल्या माणसाच्या अंगावरून डहाळी उतरवू नको, असं त्या दिवशी, त्या गावात, प्रतिमाच्या तोंडावर म्हणायचं म्हणजे तुझा माणूस मेला तरी चालेल असं म्हणण्यासारखं. ते बाहेरून आलेल्या माणसाला जमलं असतं. गावच्या पोरीला नाही जमलं.

दार पुरतं लागलं नव्हतं. मोहाचा वास बाहेरपर्यंत आला. यंत्र गुणगुणायला लागलं. आणि मनातल्या मनात म्हणणार होती ती प्रतिमा हळूहळू पुटपुटायला लागली, मग तिचा आवाज चढला, मग ती रडत रडत, डहाळी सळसळवत म्हणत होती, “दारू घेऊन जा गे मारबत! माह्या माणसाची दारू घेऊन जा गे मारबत!”

हेमराज बाहेर आला. तेजूने दारूत भिजवलेला कापसाचा बोळा त्याच्या नाकाशी धरला, त्याने तोंड फिरवलं. प्रतिमाने तिथेच तेजूच्या पायावर डोकं ठेवलं. डहाळी घेऊन आम्ही शिवेपर्यंत गेलो. फेकली. मागे पाहिलं नाही.

त्या दिवसापासून हेमराज प्यायला नाही. पोट उतरलं, डोळे पांढरे झाले. सौरपट्ट्या धुण्याचं काम मिळालं. पहिल्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा प्रतिमा दारात उभी, नवी साडी, कमरेवर हात. मी माझ्या ओट्यावरून मजा पाहत होतो.

“काय जी ढवससाहेब, घर सापडलं का?”

“हो,” हेमराज म्हणाला. “सरळ रस्ता आहे.”

आणि चपला काढून आत गेला.

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करतो. प्रतिमालाही वाटलं असेल. पण ती दारातून हलली नाही.

हेमराज वाईट वागला नाही, हे मी कोर्टात सांगेन. पाणी भरायचा. तिला ताप आला तर गोळी आणायचा, भात करायचा. तिच्याकडे पाहायचा तेव्हा एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडे पाहतो तसा, धक्का लागू नये एवढ्या काळजीने. लग्न कुठे झालं, तिला कोणती भाजी आवडते, पहिलं पोर पोटात गेलं तेव्हा ती कशी रडली, सगळं त्याला आठवत होतं. विचारलं तर सांगायचा, आधार कार्डावरचा पत्ता सांगावा तसं.

तेजूने मशीनमधला आलेख पाहिला आणि ती स्वतःच प्रतिमाच्या घरी आली. फोनच्या पडद्यावर दाखवलं. एक डोंगर उठला तो दारूचा. त्याच्या मागोमाग दुसरा उठला, पहिल्याहून उंच.

“हा कायचा?” प्रतिमाने विचारलं.

“तुमच्या आवाजाचा, काकू.”

दोन्ही डोंगर पुढे सपाट झाले होते. जसं मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखाली झाडून घेतात.

“वापस आण ना मंग.”

“वितळलेली लाख घट्ट झाली, काकू. आता नवीन बांगडी करा लागते. नवीन लग्न झाल्यासारखं. होईन, नाई होईन.” तेजूने फोन पालथा ठेवला. “मी तुमाले आत सोडाले नाई पायजे होतं.”

केंद्राच्या दारावर नवी पाटी लागली, ‘डहाळी आत आणू नये’. तोवर आणखी चार-दोन घरांतून डहाळ्या आत जाऊन आल्या होत्या. आमच्या आळीत संध्याकाळी इतकं शांत वाटायला लागलं की वाटावं परीक्षा चालू आहे. जिल्ह्यावरून पाहुणे आले, गाव सुधारलं म्हणून हार घालून गेले.

प्रतिमाने नवीन बांगडी करून पाहिली. एकदा हेमराजला म्हणाली, “येताना आलूबोंडा आणजा.” त्याने आणला. स्टीलच्या डब्यात, वर झाकण, सोबत चटणी वेगळी.

“खिशात काऊन नाई आणला?”

“शर्ट खराब होते,” हेमराज म्हणाला. “तूच बोंबलायची ना.”

खुंटीला त्याचा एक जुना शर्ट तिने न धुता तसाच लटकवून ठेवला होता, डागासकट. त्या दिवशी ती तो शर्ट मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. मी म्हटलं, “प्रतिमा, तो शर्ट मले दे, मी घालून येतो अन् हॉर्न वाजवतो.” एरवी तिने मला चपलेने हाणला असता. ती फक्त म्हणाली, “तुमाले मोठा होईन जी.”

मग तिने ते केलं जे आमच्या गावात कुठल्या बाईने केलं नसेल. जंगलापलीकडच्या गावातून मोहाची बाटली आणली, ताटाशेजारी पेला भरून ठेवला आणि ज्या माणसाची दारू सुटावी म्हणून तिने इतकी वर्षं उपास केले होते त्याला म्हणाली, “घ्या ना जी. थोडीशी. माह्यासाठी.”

हेमराजने पेला नाकाशी नेला, खाली ठेवला. “मले नाई आवडत. तुले पायजे तर तू घे.”

तिने घेतली. वाया कशाला घालवायची म्हणून, की रागाने, ती कधी बोलली नाही. पण त्या वासात तिला तो सापडला. तोंडाने हॉर्न वाजवणारा, खिशात आलूबोंडा आणणारा. दुसऱ्या दिवशीही सापडला. मग रोज सापडायला लागला. ती भिंतीला टेकून बसायची, शर्ट मांडीवर, आणि कुणाशी तरी भांडायची, हसायची. समोर हेमराज जेवत असायचा. “वरण वाढू का?” म्हणून विचारायचा.

दारूने बायका लवकर संपतात. उन्हाळा सरता सरता प्रतिमाचे पाय सुजले. केंद्रात बायकांच्या बैठकीत तिला बसवलं तर कुत्रा उठला आणि तिच्या पायाशी जाऊन बसला. डॉक्टर फुलझेले म्हणाला, गोळ्यांनी होणार नाही, यंत्रच लागेल.

प्रतिमा म्हणाली, “मी मेली तरी चालते. त्याले वितळवू नका.”

तेजू तिच्यापुढे जमिनीवर बसली. “काकू, या वख्ताले दार मी बंद करतो. फक्त वासावर करू. काका खोलीत नसले, कोणी बोललं नाई, तर तुमच्या मनातला तो थोडा उतरंल, पण राहीन. आलेख मी स्वतः पाहतो. दुसरा डोंगर उठला का बटन बंद.”

“तो बाहेर थांबंन?”

“बाहेर.”

त्या बोलीवर ती तयार झाली.

त्या सकाळी मी बाकावर आणि हेमराज माझ्या शेजारी, धुतलेल्या शर्टात. आत तयारी चालली होती.

“आबाजी,” तो म्हणाला, “इथी जवळ पळस कुठी आहे?”

“टाकीच्या मागं. कायले रे? पोळ्याले अजून लय वख्त आहे.”

“प्रतिमासाठी.”

“अरे पण पाटी आहे ना! तेजूनं मनाई केली.”

“हो. म्हणूनच.” तो पुढे वाकून बसला, रस्ता पाहावा तसा जमिनीकडे पाहत. “ती कायसाठी पेते, मले माहीत आहे. त्या दुसऱ्यासाठी. शर्टवाल्यासाठी. आज दारू काढतीन अन् तो राहीन. तो राहिला का ती पुन्हा पेईन. टिपर फसला का नुसतं चाक उचलून होत नाई जी. ज्यात फसला ते काढा लागते.”

“अन् तुले? तुले काय वाटते?”

त्याने विचार केला. खरोखर आत शोधलं त्याने, खिसे चाचपावे तसं.

“मले काई वाटत नाई, आबाजी. पण सगळं आठवते. मी रक्त ओकलो तवा तिनं हातात झेललं, ते आठवते. कोणी आपल्यासाठी एवढं केलं तर काय करा लागते, ते बी आठवते.” तो उठला. “वाटायचं काय, ते तर गेलं.”

मी बाकावरच बसून राहिलो, टाकीकडे पाहत. 

तो डहाळी घेऊन आला तेव्हा आतून मोहाचा वास येत होता, गुणगुण सुरू झाली होती. दाराला कडी नव्हती, त्याने ते ढकललं. मी मागोमाग गेलो, उंबऱ्यापर्यंत.

“काका, बाहेर व्हा!” तेजू काचेमागून ओरडली.

टोपाखाली प्रतिमाने डोळे उघडले. डहाळी पाहिली. “नको जी. तुमाले बाहेर सांगतलं ना. पाया पडतो, नको.”

हेमराज तिच्यासमोर उभा राहिला. मोठा श्वास घेतला आणि तोंडाने हॉर्न वाजवला. वळणावरचा, लांब. चूक नव्हती त्यात एक.

मग म्हणाला, “घर नाई सापडलं. तू सापडली.”

तेजूचा हात बटनावर गेला होता. प्रतिमाने तिच्याकडे न पाहता बोट वर केलं.

“राहू दे, तेजू. बोलू दे त्याले.” तिचं तोंड असं उजळलं होतं की मला पाहवेना. “अजून एकदा म्हणा ना जी.”

त्याने म्हटलं. पुन्हा म्हटलं. ती रडत होती, मग हसायला लागली, “सापडली ना, मंग फेकून द्या आता,” म्हणाली. तो डहाळी डोक्यापासून पायापर्यंत उतरवत होता, एका लयीत, काच पुसावी तसा, आणि सपाट आवाजात म्हणत होता, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. तिचं हसू मधल्या मधे थांबलं. पुढचं हसायचं कशाला ते सुचू नये तसं. यंत्र बंद झालं.

ती खुर्चीतून उठली, पदर सारखा केला.

“चाय घेते का?” हेमराजने विचारलं.

“घेतो,” ती म्हणाली. “साखर कमी.”

हेमराज एकटाच शिवेकडे गेला, डहाळी फेकून आला. परत येताना वाटेत थांबला होता असं गुराखी सांगतो. मागे वळून पाहिलं का, ते त्याला दिसलं नाही. मी तुम्हाला कावळ्यांच्या गोष्टी हव्या तेवढ्या सांगेन, पण हे मला माहीत नाही.

प्रतिमा वाचली. पाय उतरले, रंग आला. आता तीही सौरपट्ट्या धुवायला जाते. जिल्ह्यावरून माणसं आली की केंद्रवाले त्यांचंच घर दाखवतात. तेजू तेवढी त्या आळीतून जात नाही, लांबच्या रस्त्याने जाते.

परवा मी ओट्यावर बसलो होतो. प्रतिमा ओसरी पुसत होती. हातात पोतेरं. मी दोनदा पाहिलं. डाव्या खिशाचा चौकोन अजून तसाच शिवलेला होता. डाग नव्हता. मातीत मिसळला असेल, की सोडा लावून एकदाचा निघाला, देव जाणे.

“प्रतिमा,” मी म्हटलं, “हा शर्ट...”

“जुना होता जी, आबाजी. खुंटीले उगाच लटकला होता.” तिने तो बादलीत पिळला. “पण सूत चांगलं आहे. पाणी मस्त ओढते.”

हेमराज कामावरून आला. दारात थांबला, ओली ओसरी पाहिली, चपला हातात घेतल्या.

“तो कोपरा राहिला,” तो म्हणाला.

“पुसतो,” ती म्हणाली.